तीन भाषांत वाढलेल्या माणसाचा ‘खरा मी’ कोणता?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांच्या बदल्यांमुळे तुमचं लहानपण तीन वेगवेगळ्या संस्कृतींत गेलं. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, आणि आता नोकरीत तिसरी. ज्यांच्यात बसाल त्यांच्यासारखं तुम्ही बोलता, हसता, कधीकधी मतंसुद्धा त्यांच्यासारखीच होतात, आणि घरी परतल्यावर वाटतं की आपण दिवसभर सोंग वठवलं. गेल्या काही काळात तुम्ही आजी-आजोबांची भाषा शिकायला घेतलीत, पूर्वजांची माहिती जमवलीत, ध्यानाला बसू लागलात. तरी पोकळी गेली नाही. त्यातच आठ वर्षांच्या मुलीनं विचारलं, ‘आपण कोण आहोत?’, आणि तुमच्याकडे सांगण्यासारखं एक वाक्यही नव्हतं. शेवटी तुम्ही लिहिता, ‘या सगळ्या थरांच्या खाली खरा मी असणारच, पण तो सापडत नाही.’

मी समुपदेशक आहे. देश सोडून आलेली कुटुंबं, दोन संस्कृतींतली लग्नं, दत्तक गेलेली आणि आता मोठी झालेली मुलं, अशांबरोबर बरीच वर्षं काम करते आहे. त्या अनुभवावरून सांगते: थरांच्या खाली, कुठल्याही संस्कृतीचा हात न लागलेला असा ‘मी’ कुणाला सापडल्याचं मी पाहिलेलं नाही. पण ‘हा मी’ असं शांतपणे म्हणू लागलेली माणसं पुष्कळ पाहिली. त्यांनी खोदकाम केलं नव्हतं, निवड केली होती. अंगात मुरलेल्या एकेका गोष्टीकडे बघून ठरवलं होतं की ही माझी, ही नुसती सवयीची आणि ही मला पुढे न्यायची नाही. तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतं की त्रास संस्कृती तीन असण्याचा नाही. तिन्हींकडून जे आलं त्यातलं काहीच तुम्ही अजून ठरवून घेतलेलं नाही किंवा ठरवून सोडलेलं नाही, त्याचा आहे.

हस्ताक्षराचं बघा. अक्षरं आपण शोधलेली नसतात, ती दुसऱ्या कुणीतरी गिरवून घेतलेली असतात. तरी काही वर्षांनी पाकिटावरचं अक्षर बघून घरचे ओळखतात की पत्र कुणाचं. ते वळण लिहिता लिहिता येतं, आधीपासून बोटांत लपलेलं नसतं.

आता प्रश्न जरा सोडवून बघू, कारण तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतले आहेत. पहिला: मला आपलं मानणारी माणसं कोणती? दुसरा: मी कशाला धरून जगतो? आणि तिसरा, जो फार जुना आहे: हा ‘मी’ म्हणजे मुळात काय? पहिल्याचं उत्तर बऱ्याच अंशी इतरांच्या हातात असतं. दुसऱ्याचं तुमच्या हातात असतं. तिसरा तत्त्वज्ञानाचा आणि साधनेचा. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं पहिल्या प्रश्नानं दुखावलेली असतात आणि उत्तर मात्र तिसऱ्यात शोधत असतात. तुमचंही थोडं तसं झालं असावं.

या विषयात ज्यांचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं त्या मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांचं स्वतःचं आयुष्य इथे सांगण्यासारखं आहे. ‘ओळखीचं संकट’, म्हणजे मी कोण हेच ठरत नाही अशी अवस्था, ही कल्पना त्यांनी रूढ केली. त्यांचा जन्म १९०२ साली जर्मनीत फ्रँकफर्टला झाला. आई डॅनिश ज्यू. जन्मदाता वडील कोण हे त्यांना आयुष्यभर कळलं नाही. आईनं पुढे होमबुर्गर नावाच्या ज्यू डॉक्टरांशी लग्न केलं आणि त्यांचंच नाव मुलाला मिळालं. मुलगा उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. ज्यू प्रार्थनास्थळात त्याला परका म्हणून चिडवत आणि शाळेत ज्यू म्हणून. तरुणपणी तो चित्रं काढत युरोपभर भटकला. १९२७ साली व्हिएन्नात एका छोट्या शाळेत शिकवायला लागला आणि तिथे ॲना फ्रॉइड यांच्याकडून मनोविश्लेषण शिकला. १९३३ साली अमेरिकेला गेला. १९३९ साली तिथलं नागरिकत्व घेताना त्यानं स्वतःचं आडनाव स्वतःच ठरवलं: एरिक्सन.

मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते हे की वडिलांचं नाव न सापडताही त्यांचं जीवन उभं राहिलं. कामाची निवड, देशाची निवड, नावाची निवड, आणि त्या निवडींना चिकटून केलेलं अनेक दशकांचं काम, यातून ते ‘एरिक्सन’ झाले. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. ज्यू नाव बाजूला ठेवल्याबद्दल पुढे त्यांच्यावर टीकाही झाली. निवडीला किंमत असते आणि ती कधीकधी आपल्या जवळच्यांनाही मोजावी लागते.

त्यांच्यानंतर १९६६ साली मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांनी या कल्पनेला तपासता येईल असं रूप दिलं. ते दोन गोष्टी बघत: माणसानं शोध घेतला आहे का, आणि काही पक्कं धरलं आहे का. शोध न घेता पक्कं धरणारे असतात. त्यांना घरातून किंवा समाजातून तयार ओळख मिळते आणि ती ते अंगावर चढवतात. शोधही नाही आणि धरणंही नाही, असे असतात. शोध चालू आहे पण काही धरलेलं नाही, असेही असतात, आणि तुम्ही सध्या तिथे आहात. ही अवस्था त्रासाची असते, पण ती आजारपण नव्हे, हे आधी मनावर घ्या. पोकळी वाटते म्हणजे आत काही नाही असा अर्थ काढू नका. शोध चालू असताना पायाखाली जमीन नसल्यासारखं वाटणारच.

सोंगाच्या मुद्द्यावर येते, कारण तुम्हाला सगळ्यांत जास्त तेच टोचतंय. माणसं बदलली की आपण बदलतो, म्हणजे आपण खोटे, हा निष्कर्ष घाईचा आहे. यिंग-यी हाँग आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या कामात हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांना आधी काही चित्रं दाखवली. काहींना चिनी संस्कृतीची प्रतीकं, काहींना अमेरिकेची. मग सगळ्यांना एकच चित्र दाखवलं: एक मासा पुढे, बाकी थवा मागे. तो एकटा मासा असा का पोहतोय? चिनी प्रतीकं पाहिलेल्यांचा कल मागच्या थव्याच्या दबावाकडे जास्त होता, अमेरिकन प्रतीकं पाहिलेल्यांचा त्या माशाच्या स्वतःच्या इराद्याकडे. ही मुलं नाटक करत नव्हती. दोन्ही रीती त्यांच्या आत खरोखर होत्या आणि समोरचं वातावरण त्यातली एक जागी करत होतं. तुमचंही तेच होतं. ऑफिसात वेगळं हसणारे तुम्ही आणि आईशी फोनवर वेगळं हसणारे तुम्ही, दोघेही तुम्हीच आहात.

मग सोंगाची भावना येते कुठून? इथे व्हेरोनिका बेनेट-मार्टिनेझ यांच्या संशोधनातला एक भेद मला कामात फार उपयोगी पडतो. दोन संस्कृतींत जगणाऱ्या माणसांत त्यांना दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. एक अंतर: माझ्या दोन बाजू एकमेकींपासून लांब आहेत. दुसरा संघर्ष: माझ्या दोन बाजू एकमेकींशी भांडतात. दोन्ही एकत्र असतीलच असं नाही. अंतर असलेली माणसं घरचं घरी आणि बाहेरचं बाहेर ठेवून समाधानानं जगू शकतात. दमवणारी गोष्ट आहे संघर्ष, आणि त्याचं नातं बहुतेक वेळा आसपासच्या माणसांशी असलेल्या ताणाशी असतं: भेदभाव, टोमणे, ‘तू आता आमच्यातला राहिला नाहीस’ हे ऐकणं.

म्हणून माझ्याकडे कुणी ‘मी खोटा वाटतो’ असं म्हणत आलं की मी विचारते, कुणासमोर? सगळ्यांसमोर सारखंच वाटत नसतं, ठरावीक माणसांसमोर वाटतं. एखादा मामा, एखादी मैत्रीण, एखादा वरिष्ठ. त्या माणसाच्या नजरेत आपली कुठली बाजू कमी पडते हे शोधलं की ‘माझी ओळखच नाही’ या भल्यामोठ्या दुःखातून एक नेमकं दुखणं बाहेर येतं. त्यावर काम करता येतं. तुम्ही तुमच्या पत्रात आजोळच्या नातेवाइकांचा उल्लेख केला आहे, की ते तुमच्या उच्चारांवर हसतात. मला वाटतं, ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण वजन त्यात आहे.

आता निवडीकडे, कारण खरं काम तिथे आहे. हाजो ॲडम, ॲडम गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांचं २०१८ सालचं एक काम आहे. परदेशात राहिलेल्या लोकांना स्वतःबद्दल जास्त स्पष्टता असते का, हे त्यांनी पाहिलं. उत्तर आलं, हो. पण किती देशांत राहिलात याचा त्याच्याशी संबंध नव्हता, संबंध होता परदेशात किती काळ राहिलात याच्याशी. कारण असं दिसलं की वेगळ्या रीतीत बराच काळ राहिलं की माणूस स्वतःला विचारू लागतो: हे मूल्य माझं आहे, की मी वाढलो तिथलं मला आपोआप चिकटलेलं आहे? स्पष्टता त्या विचारण्यातून येते. तुमचं लहानपण बदल्यांत गेलं. एका ठिकाणी रुळेपर्यंत दुसरीकडे. विचारायला उसंतच नव्हती, जुळवून घेणं हेच काम होतं. जुळवून घेण्यात तुम्ही पटाईत झालात आणि विचारायचं राहून गेलं.

अशा मुलांचा अभ्यासही जुना आहे. रूथ आणि जॉन युसीम हे समाजशास्त्रज्ञ १९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होते. त्या मुलांचं जग आईवडिलांच्या देशातलंही नव्हतं आणि आजूबाजूच्या देशातलंही नव्हतं, ते तिसरंच काहीतरी होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. ‘तिसऱ्या संस्कृतीची मुलं’ हा शब्दप्रयोग तिथून आला. ही मुलं मोठी झाल्यावर तुमच्यासारखंच बोलतात: सगळीकडे थोडं घरचं, पूर्ण घरचं कुठेच नाही. आणि आणखी एक गोष्ट मी त्यांच्यात पाहते. एकमेकांना भेटली की ती चटकन मोकळी होतात. तुम्हाला अशी माणसं भेटली आहेत का? नसतील तर शोधा. आपलं मानणारी माणसं एकाच मुळाची असावी लागतात, असं नाही.

निवड प्रत्यक्षात कशी करतात, ते एका उदाहरणावरून सांगते. तपशील बदलले आहेत. एक बाई माझ्याकडे यायच्या. घरातल्या थोरांपुढे त्या कधीच उलट बोलत नसत, आणि कामाच्या ठिकाणी मात्र भल्याभल्यांना सडेतोड सुनावत. त्यांची ठाम समजूत होती की गप्प राहणारी ती खरी मी, मूळ संस्कृतीतली, आणि सडेतोड बोलणारी हा बाहेरचा मुखवटा. आम्ही एकेक प्रसंग घेऊन बसलो. थोरांशी बोलताना आत नेमकं काय असतं? काही प्रसंगांत खरंच आदर होता, समोरच्याचं वय आणि त्यानं सोसलेलं बघून आलेला. काही प्रसंगांत मात्र निव्वळ भीती होती, लहानपणी खाल्लेल्या ओरड्याची. बाहेरून दोन्ही सारखंच दिसत होतं, मान खाली आणि तोंड बंद. तसंच ऑफिसातही निघालं. काही वेळा स्पष्टवक्तेपणा अगदी त्यांचा होता, आणि काही वेळा आपल्याला कुणी भित्री समजू नये म्हणून आणलेला आव होता. म्हणजे ‘इथली खरी, तिथली खोटी’ अशी रेघ कुठेच पडत नव्हती. दोन्हीकडे थोडं खरं होतं, थोडं भीतीचं. पुढे त्या घरातही आदर ठेवून ‘मला हे पटत नाही’ असं म्हणू लागल्या. सोंगाची भावना तेव्हापासून ओसरत गेली, आणि भाषा, कपडे, सण यातलं काहीही त्यांनी बदललं नव्हतं.

तुम्हीही असंच करून बघा. संस्कृती हा सबंध गोळा हातात घेऊ नका, तो कुणालाच उचलत नाही. एखादी छोटी रीत घ्या. पाहुण्याला नाही म्हणता न येणं, पैशाबद्दल बोलताना संकोचणं, आनंद झाला तरी तो मोठ्यानं न दाखवणं, दुःखात एकटं बसावंसं वाटणं. हे कुठून आलं, कुणी शिकवलं, ते शिकवणाऱ्याची तेव्हा काय अडचण होती, आणि आज ते मला ठेवायचं आहे का, हे लिहा. लिहाच, नुसता विचार करू नका, कारण मनातल्या मनात आपण नेहमीच्याच उत्तरावर येऊन थांबतो.

सुरुवातीला मी आणखी एक साधा प्रयोग करायला देते. मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड यांनी १९५४ साली मांडलेली चाचणी आहे: ‘मी कोण आहे?’ या एकाच प्रश्नाची वीस उत्तरं लिहायची, ‘मी’ने सुरू होणारी. माणसं साधारणपणे आधी समाजानं दिलेल्या खुणा लिहितात, म्हणजे व्यवसाय, नातं, धर्म, देश. त्या संपल्या की पेन थांबतं आणि मग स्वभाव, आवडी, चिंता येऊ लागतात. हे वीस झाले की मी सांगते, जे वाक्य खोडताना हात अडखळेल त्याच्यापुढे खूण करा. ते वाक्य पुष्कळदा अनपेक्षित असतं. एका तरुणाची खूण कुठल्याही देशापुढे किंवा भाषेपुढे पडली नाही. ती ‘मी दिलेला शब्द पाळतो’ या वाक्यापुढे पडली. आणि मग त्यालाच आठवलं की हे आजोबांकडून आलेलं आहे. असं उलट्या बाजूनं, स्वतःच्या धारणेपासून मागे जात सापडलेलं मूळ माणसाला धरून ठेवतं.

यावरून आजी-आजोबांच्या भाषेकडे. शिका, जरूर शिका. पण कशासाठी शिकता हे स्वतःशी स्पष्ट असू द्या. ती भाषा आली की आपण ‘अस्सल’ होऊ, अशी अपेक्षा असेल तर निराशा होईल. दुरून गेलेल्या माणसाला पूर्वजांची संस्कृती एका जागी थांबलेली दिसते, आणि जिथे ती जगली जाते तिथे ती रोज बदलत असते. तुम्ही चाळीस वर्षांपूर्वीचं गाठायला जाल, तोवर तिथली तुमच्या वयाची माणसं भलतीकडेच गेलेली असतील. उलट, त्या भाषेत तुम्हाला कुणाशी तरी बोलायचं असेल, एखाद्या वृद्ध मावशीशी किंवा चुलतभावाशी, तर चुकत बोललात तरी नातं तयार होतं. पूर्वजांची माहिती जमवतानाही तेच. नावं आणि सनावळ्या हाती लागतात, पण त्या माणसांनी कुठल्या अडचणीत काय निवडलं हे कळेपर्यंत ती नावं आपल्याशी बोलत नाहीत.

एक इशाराही देते. ‘मी कोण’ या अस्वस्थतेत असलेल्या माणसाला तयार उत्तर देणारे गट पुष्कळ असतात. आमच्यात या, तू आमचा, ते परके. पहिल्या काही महिन्यांत फार बरं वाटतं, कारण पोकळी एकदम भरते. मार्शियांच्या भाषेत हेच शोध न घेता धरणं. कुठल्याही गटात जाण्याआधी मी माणसाला एवढंच बघायला सांगते: इथे शंका विचारली तर काय होतं? आणि माझ्या दुसऱ्या बाजूच्या माणसांना, तुमच्या बाबतीत शाळेतल्या आणि नोकरीतल्या माणसांना, इथे तुच्छतेनं बोललं जातं का? तसं असेल तर तिथे तुमचा एक भाग आत घेऊन दुसरा दाराबाहेर ठेवायला सांगतील, आणि तुम्ही पुन्हा सोंगावर याल.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे, हे सांगितल्याशिवाय हे सगळं अर्धवट राहील. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी दाखवलं की नव्या समाजात आलेली माणसं चारपैकी एका रीतीनं वागतात. दोन्ही संस्कृती धरतात, नव्यात विरघळतात, जुन्यातच बंद राहतात, किंवा दोन्हींपासून तुटतात. बऱ्याच अभ्यासांत दोन्ही धरणारे तुलनेनं बरे आढळले. पण बेरी स्वतःच म्हणत आले की ही निवड माणूस एकटा करत नाही. समोरचा समाज दोन्ही धरू देतो का, हा प्रश्न उरतोच. तुमच्या रंगावरून, नावावरून, जातीवरून, धर्मावरून रोज दार बंद होत असेल, तर ‘आत बघा, निवड करा’ हा सल्ला अपुरा आहे, कधीकधी क्रूरही. तिथे आपल्यासारखं सोसणाऱ्यांबरोबर उभं राहणं हेच मनाला तारतं. नायला ब्रान्सकोम आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या अभ्यासात हेच मांडलं: नाकारलं जाण्याचा घाव होतोच, पण आपल्या गटाशी घट्ट जोडलेपण त्यातलं काही भरून काढतं. युद्धामुळे घर सुटलेल्यांचं, भाषा बोलणारी शेवटची पिढी डोळ्यांदेखत गेलेल्यांचं दुःखही वेगळं. त्यांना आधी शोक करायचा असतो, निवड नंतर. तुमच्या लिहिण्यात भेदभावाचा उल्लेख नाही, म्हणून मी तुमच्याशी निवडीबद्दल बोलते आहे. तो असेल आणि तुम्ही लिहायचं टाळलं असेल, तर माझ्या सांगण्याचा क्रम बदलेल.

आणि पोकळीबद्दल एक वैद्यकीय गोष्ट. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास असेल, आवडीच्या गोष्टीत रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो ओळखीचा प्रश्न समजून बसू नका. ते नैराश्य असू शकतं. डॉक्टरांना भेटा, आणि जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर आजच भेटा, दोन आठवड्यांची वाट बघू नका. नैराश्यात ‘मी कुणीच नाही’ हे वाक्य फार खरं वाटतं आणि उपचारानंतर त्याची धार जाते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आता तिसरा प्रश्न, तुमच्या ध्यानाचा. इथे मी जपून बोलते, कारण हा माझा अधिकार नव्हे. अद्वैत परंपरा म्हणते की नाव, देह, मन या सगळ्यांच्या पलीकडे साक्षी आहे. बौद्ध परंपरा म्हणते की माणूस ज्या पाच घटकांचा, म्हणजे स्कंधांचा, बनलेला आहे त्यांतल्या कशातच कायमचा ‘मी’ सापडत नाही. आणि युरोपात १७३९ साली तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनीही लिहिलं की आत डोकावलं की कुठली ना कुठली संवेदना तेवढी हाती लागते, ‘मी’ हाती लागत नाही. या तिघांचं एकमेकांशी पटत नाही. पण एक बाब तिन्हींकडून निघते: कुठल्या संस्कृतीचा मी, या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीवर मिळणार नाही. साक्षीला मातृभाषा नसते. म्हणून ध्यानाला बसून ‘मी कुठला’ हे कळत नाही याची खंत करू नका. ध्यान त्यासाठी नाही.

जॉन वेलवुड या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८०च्या दशकात एक धोका दाखवला होता: नात्यांतली आणि मनातली अर्धवट राहिलेली कामं टाळण्यासाठी माणूस अध्यात्माचा आडोसा घेतो. आजोळचे हसतात हे सलतंय आणि मी म्हणतोय की मी तर देहही नाही, मग भाषेचं काय एवढं. असं होत असेल तर ध्यानातून उठल्यावर चिडचिड वाढते, माणसं नकोशी होतात. उलट साधना नीट चालली असेल तर त्या नातेवाइकांशी बोलण्याचं बळ थोडं वाढतं. तुमचं काय होतंय ते तुम्हीच पाहा. ध्यान सोडा असं मी म्हणत नाही. दोन्ही कामं चालू द्या, फक्त एकाचा भार दुसऱ्यावर टाकू नका.

राहिली मुलगी. आठ वर्षांच्या मुलीला ‘आपण अमुक आहोत’ असं बिरुद हवं असतं, असं आपण मोठी माणसं समजतो. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांसाठी वीस प्रश्नांची एक यादी केली होती. आजी-आजोबा कुठे वाढले, आई-बाबा कसे भेटले, घरात कधी मोठं आजारपण किंवा संकट आलं होतं का, हे तुला माहीत आहे का, अशा धर्तीची. ज्यांना जास्त उत्तरं येत होती त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास जास्त होता, आणि आपल्या आयुष्यात आपल्या हातात काही आहे ही जाणीवही जास्त होती. ड्यूक यांनी मात्र बजावलं होतं की उत्तरं पाठ करून घेऊन हे होत नाही. ती माहिती मुलांपर्यंत ज्या वाटेनं पोहोचते, म्हणजे एकत्र जेवताना, प्रवासात, कुणीतरी वेळ काढून पुन्हा पुन्हा सांगितल्यामुळे, त्या वाटेचं ते काम. त्यांच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली: आपण नेहमी वर चढत गेलो किंवा आपलं सगळं गेलं, या दोन्हींपेक्षा चढ-उतारांची गोष्ट मुलांना जास्त बळ देते. कधी बरं होतं, कधी वाईट दिवस आले, आणि आपण एकमेकांना धरून राहिलो.

तुमच्याकडे अशी गोष्ट आहे. तीन ठिकाणं, दर बदलीला सामान बांधणारी आई, नव्या शाळेत पहिल्या दिवशी एकही शब्द न कळणारा मुलगा, आणि वर्षभरात त्याच भाषेत मित्रांशी भांडणारा तोच मुलगा. तुम्ही याला तुटकपणा समजता. मुलीला ती सलगच वाटेल, कारण तिच्या दृष्टीनं तिन्ही ठिकाणी तिचा बाबाच आहे. ‘आपण कोण’ याला आत्ता एवढं सांगितलंत तरी चालेल: आपल्या घरात या तीन जागा आहेत, प्रत्येकीकडून आपण अमुक घेतलंय, आणि अजून काही ठरवतोय, तूही ठरवशील. ती जिथे वाढते आहे ती जागा त्यात चौथी म्हणून धरायला विसरू नका. तिच्यासाठी तीच पहिली आहे. आणि तिला गोष्टी सांगताना तुमच्या आईला फोन लावून तपशील विचारा. बदल्यांच्या काळात तिच्यावर काय गेलं, हे तुम्हालाही बहुधा नीट माहीत नसेल.

तुमच्या पत्रात जोडीदाराचा उल्लेख एकदाच आहे, तोही ‘तिची संस्कृती वेगळी’ एवढाच. मला त्याबद्दल अधिक जाणून घ्यायला आवडेल. घरात कुणाची रीत चालते, हे कधी बोलून ठरलं का, की तुम्ही तिथेही सवयीनं जुळवून घेतलंत? पुन्हा लिहाल तेव्हा हे लिहा, आणि नातेवाइकांच्या हसण्याचा तो प्रसंगही सविस्तर लिहा. वीस वाक्यांपैकी खूण कशापुढे पडली तेही कळवा. त्यावरून मला जास्त नेमकं सांगता येईल.